तिसरी पिन

नाही मास्तर, तो लाल दिवा बिघाडाचा नाही, तो ट्यूनरचा — तुम्ही बटण दाबून धरलंय ना, म्हणून लागलाय. सोडा. हं, गेला. बघा, मला येतं थोडंफार. चौथीत शाळा सुटली, पण ह्या गिटारच्या प्रोसेसरपुरता मी अडाणी नाही. तीन वर्षं ह्याला बांधायचं, सोडायचं, वायरी लावायच्या, सगळं मीच करतो. करायचो. रुस्बेलदादा नुसता गिटार गळ्यात अडकवून यायचा आणि विचारायचा, काय रे योवेर, चढवलंस का भांडं चुलीवर? भांडंच म्हणायचा ह्याला. आत सगळं शिजतं म्हणून — एको, वाह पेडलचा तो रडका सूर, जुन्या अॅम्प्लीफायरचा तो फाटका आवाज, सगळं एकाच भांड्यात. तुम्हाला आठवत असेलच, तुमच्याच गाळ्यातून घेतलं होतं त्यानं. तुम्ही पुस्तकसुद्धा दिलं होतं बरोबर, जाडजूड. ते कुठंय? — नाही हो. कोणाला येतंय ते इंग्रजी? जत्रेला जाताना गाडीत त्याची पानं फाडून आम्ही भाजलेला मका खायचो.

हा चहा घ्या, गरम आहे अजून. पिशवीला खालून धरा, भाजेल. कोपऱ्यावरच्या बाईनं जवस जास्त घातलंय, तुमच्या खोकल्याला बरं. जेवायची वेळ झालीय, माहितीय मला, तुमचं शटर दोन वाजता खाली येतं. मी फार वेळ नाही घेणार. दोनच कामं आहेत. एक म्हणजे ह्याचा आवाज बिघडलाय, तेवढा बघा. उद्या दादाला जाऊन महिना होतो, चर्चमध्ये त्याची मिस्सा आहे, नंतर ग्रुप वाजवणार कबरीपाशी. आईनं सांगितलंय, वाजवायचं तर त्याच्याच आवाजात, नाहीतर नका वाजवू. आणि दुसरं — दुसरं सांगतो नंतर. आधी आवाज.

चौदा नंबर लावा. पायानं नाही, हातानं फिरवा, तो पायानं दाबायचा पेडल अडकतो मधे. हं. आता वाजवा एखादी तार. — ऐकलंत? डबड्यात डास सोडल्यासारखा. हा दादाचा आवाज आहे का? त्याच्या चौदा नंबरवर बायका रडायच्या मास्तर, लग्नात, भर लग्नात. ते फिदेन्सियोनं केलंय, आमच्या चुलतभावानं. त्याला घेतलंय ना दादाच्या जागी, तर आल्या आल्या ह्याच्या पोटात हात घातला. म्हणे मला माझ्या हिशेबानं लावायचंय. मी त्याच्या थोबाडीत मारली. हो, मारली, काय करू? दाताला लागलं, हे बघा बोट. — काय बंद आहे? स्पीकरच्या खोक्याची नक्कल? म्हणजे आत एक खोटं खोकं असतं आणि ते बंद केलं की आवाज उघडा पडतो — एवढंच? मग चालू करा की. पुसलं तर नाही ना गेलं काही? नक्की? मी तीन रात्री झोपलो नाही ह्या विचारानं, की फिदेन्सियोनं दादाला पुसून टाकला म्हणून. — करा.

हं.

पुन्हा वाजवा. — बास. बास करा मास्तर. तोच आहे. हात तुमचे आहेत, पण आवाज तोच. ती शेवटी जी थरथर येते ना, ती त्यानं कशी लावली माहितीये? आमच्या नदीकाठच्या झोपडीत बसून, रेडिओ शेजारी ठेवून, मांतारोला पूर आला होता तेव्हा. रात्रभर एकच सूर. आई म्हणाली, मेल्या, झोपू दे की. — नाही, रडत नाहीये. जवस गेलं नाकात.

आता दुसरं काम. मला एक कागद द्या लिहून. तुमचा शिक्का असलेला. त्यात एवढंच लिहा की दोष मशीनमध्ये होता. ह्या प्रोसेसरमध्ये, नाहीतर बाहेर तो स्पीकर आणलाय तीनचाकीतून, त्यात. कशातही लिहा, पण मशीनमध्ये. कशाला म्हणजे? ऐकलं असेल की तुम्ही, सगळ्या वांकायो शहराला माहितीये. दादा गेला त्या दिवशी जत्रेला साउंड साबिनोकाकांचा होता. मिक्सर त्यांचा, माइक त्यांचा, जनरेटर त्यांचा. आमच्या मामांनी ठरवून टाकलं की साबिनोनं मारला आमचा पोरगा. परवा काचा फोडल्या त्यांच्या घराच्या. त्यांची बायको नातवाला कडेवर घेऊन रस्त्यात उभी, पायात चप्पल नाही. सोमवारी तक्रार देणार आहेत, सगळ्यांच्या सह्या झाल्यात, माझीच राहिलीय. सख्खा भाऊ मी, माझी तर पहिली पाहिजे. मी म्हणालो, हात दुखतोय. दातानं कापलंय ना. दोन दिवस तेच सांगतोय, हात दुखतोय. तर तुम्ही लिहून दिलंत की मशीनच खराब होतं, मग कोणावरच काही नाही. साबिनोकाकांवर नाही, कोणावरच नाही. परदेशातलं मशीन, कोण जाणार त्याच्याशी भांडायला?

लावा मीटर, लावा. मी कुठं नाही म्हणतोय? — प्रोसेसर स्वच्छ आहे? पुन्हा बघा. मागच्या पत्र्यावर बघा, तिथं गंजलाय थोडा. — तिथंही नाही. बरं. मग स्पीकर आणतो आत, थांबा. — जरा धरा त्या बाजूनं, जड आहे. हा दादाच्याच शेजारी ठेवायचो आम्ही, मागे, आणि प्रोसेसरची वायर ह्याच्यात. त्या दिवशी गारा पडल्या होत्या, हरभऱ्याएवढ्या, ताडपत्रीला भोकं. ह्याच्या मागच्या जाळीतून पाणी गेलं असणार. मी पुसलं होतं, शर्टानं पुसलं होतं. लावा मीटर. — येतोय? करंट येतोय? पत्र्यावर उतरतोय? मग झालं की मास्तर. मिळाला दोष. पाणी गेलं, आतली वायर पत्र्याला लागली, करंट पत्र्यावर, पत्र्यावरून प्रोसेसरच्या वायरीत, तिथून गिटारच्या तारांत, तारांतून — झालं. लिहा. हे पेन घ्या. तारीख घाला आजची.

का थांबलात?

त्या गोणीत? काही नाही. एक्स्टेंशन बोर्ड आहे. सगळं त्यातच लावायचो ना, प्रोसेसर, स्पीकर, दोन्ही. तो कशाला बघायचा, तो चांगला आहे. लाकडी आहे, मीच केलाय. — काढा मग. काढा, बघा.

प्लग तसाच आहे त्याचा. दोनच पिनांचा. — हो, तीन असतात. आपल्याकडे भिंतीला कुठं तीन भोकं असतात? सगळीकडे दोन. सगळेच करतात मास्तर. तुमच्या ह्या गल्लीत कोणाचाही बोर्ड काढा, तिसरी पिन दाखवा मला. — हो, साबिनोकाकांच्या जनरेटरला तीन भोकं होती. होती. मला माहितीये होती.

मी तोडली. तुम्हाला कळलंच असेल, पकडीचा दात दिसतोय तिथं. पण त्या दिवशी नाही तोडली. ते नीट ऐका, त्या दिवशी नाही. ऑगस्टमध्ये, एका लग्नात. प्रोसेसरची वायर तिथल्या साउंडवाल्याच्या मिक्सरला लावली की घूं. नुसतं घूं, मधमाश्यांचं पोळं असल्यासारखं. दादानं वाजवायचं थांबवलं की तेच घूं सगळ्या मांडवात. लोक हसायला लागले. नवरीचा बाप आला, म्हणाला, ट्रॅक्टर कोणाचा चालू राहिलाय बाहेर? दादाचं तोंड लाल. मला म्हणाला, योवेर, कर काहीतरी, तू माझा इंजिनियर आहेस ना. सगळ्यांसमोर म्हणाला, इंजिनियर. कोणीतरी मागून म्हणालं, पिन तोड रे, जाईल. मी तोडली. कट. गेलं घूं. एकदम स्वच्छ. दादानं माझ्या डोक्यावरची टोपी घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली, आणि रात्रभर ती घालून वाजवलं. ती अजून आहे घरी.

मग राहिलीच ती तशी. नवी बसवीन म्हटलं. म्हटलं, म्हटलं. कशाला बसवायची, चांगलं चाललंय.

आणि त्या दिवशी तर — हे मी आईला सांगितलं नाही अजून — त्या दिवशी साबिनोकाकांची वायर आखूड पडली. मिक्सरपर्यंत पोचेना. मग त्यांनी आमच्या स्पीकरपुढे नुसता माइक उभा केला. मिक्सरला आम्ही जोडलेलोच नव्हतो मास्तर. घूं येणारच नव्हतं. पिन असती तरी आलं नसतं. कळतंय का तुम्हाला? त्या दिवशी तिच्यानं काही नडलंही नसतं.

आणि चिठ्ठी. जत्रेचा यजमान चिठ्ठी पाठवतो ना, गाण्याच्या मधे त्याच्या घरच्यांना सलाम म्हणायला. अमुक आजीला, तमुक सुनेला, लिमाहून आलेल्या जावयाला. आमचा माइकवर सलाम ओरडणारा गेला होता लघवीला. चिठ्ठी आली माझ्या हातात. माझ्यासमोर माइक होता. दोन ओळी होत्या. मला अक्षरं लागतात, नाही असं नाही, पण सगळ्यांसमोर, घाईत, नावं मोठीमोठी — मी ती दादाला दिली. तो हसला. म्हणाला, घाबरलास काय रे गाढवा? गिटारवरचा डावा हात तसाच ठेवला, वाकला, माइकला ओठ लावले, आणि म्हणाला, सलाम — आणि तेवढंच. मला वाटलं नाचतोय. लोकांना वाटलं नाचतोय. टाळ्या वाजवल्या लोकांनी.

— काय म्हणालात? पिन असती तर करंट तिच्यातून अर्थिंगला गेला असता, फ्यूज उडाला असता? फक्त फ्यूज? म्हणजे काय झालं असतं — अंधार? बस? लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या, यजमानानं शिव्या घातल्या असत्या, मी बॅटरी तोंडात धरून फ्यूज बदलला असता आणि दादा म्हणाला असता, तुझं हे नेहमीचं.

पाचव्या दिवशी कपडे धुतले त्याचे, नदीवर, रीतीप्रमाणे. मामी म्हणाली, त्यानं वापरलेलं सगळं धुवायचं, नाहीतर त्याचा जीव घुटमळतो. बूट धुतले, गिटारची पिशवी धुतली. हे भांडं मी लपवलं गोणीत, पाण्यात घातलं असतं त्यांनी. रात्री दाराशी राख पसरली, कोणाची पावलं उमटतात बघायला. सकाळी सगळे वाकून बघत होते. मी नाही बघितलं. मला भीती वाटत होती की माझी उमटली असतील.

कागद लिहा ना मास्तर. लिहा काहीतरी. पाणी गेलं एवढंच लिहा. ते खरं आहे की नाही? खरंच आहे. बाकीचं नका लिहू. माझ्या आईला एकच पोरगा राहिलाय, तो तरी — असं नाही म्हणत मी. म्हणजे म्हणतोय. तुम्ही माझ्याकडे असं बघू नका.

काय दाखवताय? कुठं, मागच्या बाजूला? हे? वायर लावतो त्याच्या शेजारी? हे बारकं बटण — असेल काहीतरी, मी कधी दाबलं नाही. नखाएवढं तर आहे. त्याच्यावर लिहिलंय ते मला काय कळणार. कशाचं आहे? — पुन्हा सांगा. — पुन्हा सांगा मास्तर, हळू. घूं आलं की हे दाबायचं? आणि मग वायरीतून येणारं अर्थिंग तुटतं, आवाजापुरतं, आणि पिन — पिन जागेवरच राहते? पिनेला हात लावायचाच नसतो?

हे सगळ्या मशीनना असतं? ऑगस्टमध्ये होतं हे इथं? म्हणजे होतंच. कुठं जाणार.

खोटं बोलताय तुम्ही. दाखवा. तुमच्या मिक्सरला लावा, तुमची तीन पिनांची वायर लावा, दाखवा मला. — हं, लावा. वाढवा आवाज. अजून वाढवा. — आलं. तेच. अगदी तेच आहे, लग्नातलं. तो बाप म्हणाला होता ना, ट्रॅक्टर. राहू द्या, बंद करू नका. बाजूला व्हा, मी दाबतो. मी दाबणार, तुम्ही नाही.

गेलं.

एका बोटानं गेलं.

पेन ठेवून द्या मास्तर. नका लिहू काही. शटर ओढा आणि जेवायला जा तुम्ही. सही कुठं करायची ते मामांना विचारतो मी, साबिनोकाकांचं नाव खोडून माझं घातल्यावर; त्यांच्या घराजवळूनच रस्ता आहे, आधी तिथं हा बोर्ड दाखवतो — नाही, तुम्ही नका येऊ. ते बटण जरा वेळ असंच दाबलेलं राहू द्या.