लाइटच्या स्टँडवरची फुली

हां, म्हणजे उद्या सकाळी नऊला — कळलं, कळलं, एकदा सांगितलं की कळतं मला, माझं डोकं अजून शाबूत आहे. उद्या एकच सीन, आणि त्यातही तुझ्या बाबांना वाक्यं आठवली नाहीत तर सोमवारपासून मालिकेतले आजोबा दुसरंच कुणीतरी. आणि माझं उद्या काम नाही, तरी मी यावं, कॅमेऱ्याशेजारी बसावं, समोरून वाक्यं द्यावीत, म्हणजे त्याची गाडी रुळावर राहील. एवढंच ना? एवढंच. बस गं, त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय डुगडुगतो, इकडे बस. चहा घे. बिनसाखरेचा आहे — साखर मला चालत नाही, आणि दुसरं कोणी येत नाही.

काका नको म्हणूस, डॉक्टर म्हण, सगळे तेच म्हणतात. का? अगं, चाळीस वर्षांत एकोणसाठ वेळा डॉक्टर झालोय मी. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, तोंडावरचा मास्क खाली ओढायचा, मान हलवायची — झालं, दिवस संपला. मान मात्र मी प्रत्येक वेळी वेगळी हलवायचो. कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याच नाही. माझ्या बायकोच्या यायचं. ती म्हणायची, ह्या वेळी तुम्हाला पेशंट आवडत नव्हता वाटतं. गेली ती, सहा वर्षं झाली. तर उरलेले सिनेमे म्हणजे फौजदार, हेडमास्तर, मुलीचा बाप. नाव कुणाला माहीत नाही, चेहरा सगळ्यांना. बँकेत बाई म्हणते, तुम्ही आमच्या कॉलनीत राहता का हो? आणि तुझे बाबा — सगळ्यांचे राजे. युनिट उभं राहायचं ते आले की. मीही राहायचो, खोटं कशाला बोलू.

तो सिनेमा तू पाहिलायस. दोन भावांचा. तुमच्या दिवाणखान्यात त्याचंच बक्षीस आहे ना, काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर? त्यात मी थोरला भाऊ. मरायला टेकलोय आणि धाकट्याला सांगतोय, की तू घर सोडून गेला नव्हतास, मीच तुला हुसकलं होतं. दीड पान. आयुष्यात दीड पान मिळालं मला — एकदा. महिनाभर बायकोला समोर बसवून म्हणायचो, ती भाजी निवडत ऐकायची, आणि एके दिवशी तिचे हात थांबले, तेव्हा म्हटलं, जमलं.

आता रीत अशी असते — आधी मोठ्या नटाचा क्लोजअप. कॅमेरा त्याच्यावर, मी कॅमेऱ्याच्या बाजूला, दिसत नाही, फक्त बोलतो. शहाणा माणूस तिथे नुसती वाक्यं म्हणतो, जीव आपल्या क्लोजअपसाठी राखतो. पण तुझे बाबा माझा हात धरून म्हणाले, डॉक्टर, तू रडलास की मला रडू येतं. झालं, मी विरघळलो. सगळं देऊन टाकलं. पाच टेक, पाचही वेळा खरा रडलो, नाक-डोळे एक झाले. मग लाइट फिरवायला पाऊण तास. आता माझी पाळी, आता तो तिथे बसणार, मला वाक्यं देणार — मी पाहतो तर राजांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. डोकं दुखत होतं म्हणे. मग काय? लाइटचा एक स्टँड आणला, राजांच्या डोळ्यांच्या उंचीवर काळ्या चिकटपट्टीची फुली मारली, आणि मला म्हणाले, हिच्याकडे बघून बोला. त्याची वाक्यं कोण देणार? कंटिन्युइटीवाल्या, म्हणजे सीनच्या नोंदी ठेवणाऱ्या बाई. त्यांनी वाण्याची यादी वाचावी तशी वाचली. आणि मी त्या फुलीला धाकटा भाऊ समजून दीड पान बोललो. चांगलं बोललो गं. रडायला पाणी उरलं नव्हतं, तरी चांगलं बोललो.

मग सिनेमा लागला. बायकोने माहेरची अकरा माणसं बोलावली होती, दोन रांगा अडवल्या. तो सीन आला — आणि पडद्यावर तुझे बाबा. नुसते तुझे बाबा. ऐकतायत, डोळे भरतायत, ओठ थरथरतोय — आणि मागून माझा आवाज. माझी काय ती मान दिसली, पाठीमागून, केस वाढलेले. दीड पानात एकदाही तोंड नाही. बाहेर आल्यावर मेहुणा रिक्षा बघतो म्हणून पुढे गेला. आणि बायको म्हणाली, कटिंग करून घ्यायला हवी होती तुम्ही. चेष्टेत म्हणाली, मला हसवायला. मी तिच्याशी चार दिवस बोललो नाही. तिच्याशी. ज्याच्याशी बोलायचं नव्हतं त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणालो, वा राजे, काय ऐकलंय तुम्ही. बक्षीस त्या ऐकण्याचंच मिळालं. त्यांनी स्टेजवरून ड्रायव्हरचे पण आभार मानले.

घे ना चहा, थंड होतोय. हो, जुनं आहे सगळं, उगाळून काय उपयोग, बरोबर आहे तुझं. आणि आता बघ ना कसं झालं — एवढ्या वर्षांनी एकाच मालिकेत, तो आजोबा, मी शेजारी. जुना नट पाठांतर कमी करतो, समोरच्याचं वाक्य संपलं की ती पोकळी ओळखतो आणि आपलं वाक्य टाकतो. तुझे बाबा तर पूर्ण त्यावरच चालतात, हल्ली जास्तच. म्हणून मग मी वाक्याच्या मध्येच जरा थांबलो, श्वास घेतल्यासारखा, की हा सुटायचा. कट. पुढच्या टेकला तो थांबून राहायचा आणि मी सरळ संपवायचो — हा बघतच बसलेला. कट. सतरा टेक झाले त्या मंगळवारी, आणि —

काय?

तू तो कप खाली ठेव आधी, सांडतोय.

हो. मुद्दाम. आता तोंडातून गेलंच आहे तर ऐक. महिनाभर. दर दोन-तीन दिवसांनी, रोज नाही, रोज केलं तर कळतं. माझं एक अक्षर चुकलं नाही, कागद काढून बघ. डायरेक्टर मला म्हणायचा, सांभाळून घ्या हो डॉक्टर, आणि मी राजांच्या खांद्यावर हात ठेवायचो. हो, मेंदूच्या डॉक्टरांना दाखव असं मीच सांगितलं तुला. त्या गोळ्यांनी झोप येते त्याला, वाक्यं आणखी जातात, हेही दिसत होतं मला. रोग? असेल थोडा, ह्या वयात कोणाला नसतो. बाकीचा मी.

रडू नकोस. तुझ्यावर राग नाही माझा. तू लहान होतीस तेव्हा.

काय म्हणाले ते? पुन्हा सांग. डॉक्टर समोर असला की मला भीती वाटत नाही — असं म्हणाले? कधी? काल. गोळी घेतल्यावर.

हं.

मलाही वाटली नसती गं. तो समोर असता, तर मलाही वाटली नसती. पाऊण तास थांबायचं होतं फक्त.

ऊठ. पर्स राहिली तुझी. गोळ्या बंद करायच्या की नाही ते खऱ्या डॉक्टरला विचार, आणि मी काय केलं ते सांग त्याला, म्हणजे तो तरी नीट तपासेल. डायरेक्टरला सांगायचं तर सांग. बाबांना सांगायचं की नाही, तुझं तू बघ. उद्या मी येणार नाही. तिथे एखादा लाइटचा स्टँड मागून घे, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर काळ्या चिकटपट्टीची फुली मार, आणि म्हणावं हिच्याकडे बघून बोला. जमतं. मला जमलं होतं.

दार ओढून घे जाताना. जोरात ओढ, नाहीतर लागत नाही.