वर सोडा

...नाही, पण पंखा चालू का होता हे तुम्ही तरी मला विचारू नका. येतो तो तेच विचारतो. अहो, घरात माणसं भरलेली, उकडत होतं, मग पंखा लावायचा नाही तर काय त्याच्याकडे बघत घाम पुसायचा? चूक पंख्याची नव्हती आणि माझी तर नव्हतीच नव्हती. तुम्हाला सांगतो, चूक होती माझ्या मेहुण्याची. बायकोचा धाकटा भाऊ. हा कुठेतरी परदेशात जाऊन आला आणि येताना माझ्यासाठी टकीलाची बाटली घेऊन आला. मी म्हटलं, अरे मला याचं काय कळतंय, मी आपला उन्हाळ्यात फार तर बिअर घेणारा माणूस. तर म्हणाला, "दाजी, ताईच्या पार्टीला कॉकटेल करा. काही नसतं त्यात. लिंबूच तर पिळायचंय."

लिंबूच तर पिळायचंय. हे वाक्य लक्षात ठेवा तुम्ही.

पार्टी कसली, तर बायकोला बढती मिळाली होती. ती रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. भिंतीला लावतात ना रंग, तो किती टिकतो, पुसला की जातो का, डाग पडला तर निघतो का, हे तपासायचं. आता ती त्या प्रयोगशाळेची प्रमुख झाली. मला आनंद आहे, अभिमान आहे, सगळं आहे. पण तिच्या चेहऱ्यावर काही आनंद दिसेना, कारण त्या जागेवर खरं तर दुसरेच एक गृहस्थ बसतील असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांना तिथे सगळे 'सीनियर' म्हणतात. हिला काम शिकवलं ते त्यांनीच. इतकी वर्षं हिला 'तू' म्हणायचे, 'तू हे बघितलंस का, तू तो नमुना आण', आणि हिचं नाव जाहीर झालं त्या दिवसापासून एकदम 'तुम्ही'. 'अहवाल तुमच्या टेबलावर ठेवलाय.' बस. पुढे एक शब्द नाही. ही डब्यातलं जेवण तसंच घरी परत आणायची. मी विचारलं, तर म्हणाली, "त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो. 'तुम्ही' म्हणतात मला."

आणि ते पार्टीला येतो म्हणाले होते. हीच म्हणाली मला, "येतायत ते. मला वाटलं नव्हतं. अहो, तेवढी एक संध्याकाळ नीट जाऊ द्या. सरबताच्या बाटल्या आणू, ओतू, विषय संपला."

आता इथे माणसाने गप्प बसावं की नाही? पण मी गाडी शिकवतो. ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसायचं, जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि 'आरशात बघा, आरशात बघा' करत जीव मुठीत धरायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका बघून बघून माणसाला आपोआप असं वाटायला लागतं की आपल्या हातून काही चुकूच शकत नाही. मी म्हटलं, "सरबत कशाला, कॉकटेल करतो मी. तू त्यात पडू नकोस." ती म्हणाली, "मी निदान मोजून देते." मी म्हटलं, "त्यात मोजायचंय काय, लिंबूच तर पिळायचंय."

बाजारात गेलो. लिंबंवाली म्हणाली, "किती देऊ?" मी म्हटलं, पार्टी आहे. तर तिने पिशवी भरली आणि वर मला म्हणते, "पिळणार कोण?" मी म्हटलं, मी. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दोन लिंबं जास्तीची टाकली. तेव्हाच मी समजायला हवं होतं. लिंबं कसली, लाकडाचे चेंडू. आमच्याकडे लिंबू पिळायचं जे आहे ते सॅलडपुरतं, घरापुरतं. पाचसहा लिंबांतच त्याची दांडी माझ्या हातात आणि बाकीचं सिंकमध्ये. मग पिळा हाताने. त्यात सकाळी एका विद्यार्थिनीने गाडीचं दार माझ्या अंगठ्यावर लावलेलं, थोडं खरचटलेलं. तुम्ही कधी खरचटलेल्या अंगठ्याने लिंबू पिळलंय का? पिळू नका. मी एक लिंबू पिळायचो, स्वयंपाकघरात एक चक्कर मारायचो, अंगठा तोंडात घालायचो, पुन्हा पुढचं लिंबू. बायको दारातून बघत होती. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं.

मग बर्फ. बर्फ होता घरात, मी आदल्या दिवशीच लावला होता, पण ही प्रयोगशाळेतली बाई, हिने एक खडा नाकाशी धरला आणि म्हणाली, "लसूण." मी वास घेतला, लसूणच. फ्रीजरमध्ये वाटण ठेवलं होतं कुणीतरी. कुणीतरी म्हणजे मीच, पण तो विषय नाही. वरच्या मजल्यावर फिजिओथेरपिस्ट राहतो, त्याच्याकडे गेलो. म्हटलं, बर्फ आहे का? तो म्हणाला, "आहे, कुठे लागलंय? गुडघा?" मी म्हटलं, नाही हो, प्यायचाय. तो माणूस पाच वाक्यं बोलला माझ्याशी पाठीच्या कण्याबद्दल आणि मग दिला बर्फ. वर म्हणाला, "तुम्ही वाकून उभे राहता." पिशवीभर लिंबं पिळून दाखव म्हणावं ताठ उभं राहून.

इतकं होईपर्यंत मंडळी यायला लागली. हिच्या प्रयोगशाळेतले चारपाचजण, आणि सगळ्यात शेवटी सीनियर. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. दारातच हिला म्हणाले, "अभिनंदन. तुमचं घर छान आहे." तुमचं घर. ही म्हणाली, "बसा ना, सर." ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि गुडघ्यावर हात ठेवून समोर बघत राहिले, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे. बाकीचे बिचारे हवेबद्दल बोलायला लागले. हवेबद्दल बोलून झालं. मग पार्किंगबद्दल. ही माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे आता आणा काय ते.

मी मेहुण्याला फोन लावला. म्हटलं, पटकन सांग. तो कुठल्यातरी गोंगाटात होता. म्हणाला, "दाजी, टकीला, लिंबाचा रस, संत्र्याचा रस, साखरेचा पाक, वर सोडा. ग्लासाच्या काठाला मीठ. बर्फ घालून जोरात हलवायचं आणि ओतायचं. आणि हो, हे आत नाही करायचं, लोकांसमोर करायचं. मजा त्यातच असते." मी म्हटलं, हलवू कशात? म्हणाला, "काहीही घ्या हो, घट्ट झाकणाचं."

घट्ट झाकणाचं म्हणजे आमचा मोठा थर्मास. त्याचं झाकण इतकं घट्ट की आतला चहा थंड होतो पण झाकण निघत नाही. त्यात मी सगळं घातलं. टकीला घातली, लिंबू घातलं, संत्रं घातलं, पाक घातला, बर्फ घातला, आणि वर सोडा. अख्खी बाटली. झाकण लावलं, हॉलमध्ये गेलो, जेवणाच्या टेबलापाशी पंख्याखाली उभा राहिलो आणि म्हटलं, "मंडळी, जरा इकडे बघा." सगळ्यांनी बघितलं. सीनियरांनीसुद्धा मान वळवली. मला वाटलं, जमलं. मी हलवायला लागलो. असं जोरात, खांद्याच्या वर नेऊन. टाळ्या पडल्या हो दोनचार. टाळ्या पडल्यावर माणूस थांबतो का? मी आणखी हलवलं. आतून काहीतरी हाताला ढकलतंय असं वाटत होतं, पण मला वाटलं हाच तो जोर, कॉकटेलचा.

आणि मग मी झाकणाला फक्त हात लावला.

त्याचा आवाज मी तुम्हाला काढून दाखवणार नाही. झाकण छताला लागून सोफ्यामागे गेलं. त्याच्यामागून ते सगळं सरळ वर, एका धारेत, छतावर... आणि येताना पंख्यावर. आता पंखा काय करतो? पंख्याला काय कळतंय, हवा आहे की संत्रं आहे? त्याने आपलं काम केलं. सगळ्यांना सारखं वाटून टाकलं. पडद्यांना, पुस्तकांना, हिच्या नव्या ड्रेसला. लोक म्हणतायत, "पंखा बंद करा, पंखा बंद करा," आणि बटण कुठे, तर सीनियरांच्या खुर्चीच्या मागे, आणि सीनियर तर हलायला तयार नाहीत. चष्म्यावर संत्र्याचा गर, शर्ट पिवळा, कानावर एक बी. मीच शेवटी त्यांच्या डोक्यावरून हात घालून बटण दाबलं.

सगळं शांत. पंखा हळूहळू थांबला. छतावरून थेंब पडतायत, टप, टप. मी बायकोकडे बघितलंच नाही. मी जमिनीकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, गेली हिची संध्याकाळ. आपण घालवली.

तेवढ्यात सीनियरांनी जीभ काढून ओठावरून फिरवली. विचार केला. आणि हिला म्हणाले, "आंबट जास्त आहे."

ही म्हणाली, "साखर कमी पडली बहुतेक."

"कमी नाही पडली," ते म्हणाले. "वर गेली सगळी."

आणि तो माणूस हसायला लागला. चष्मा काढून, डोळे पुसून, खांदे हलवत. त्यांचं बघून ही हसायला लागली आणि मग सगळे. मी नाही हसलो. मला फोन आला होता. मेहुणा. "कसं झालं, दाजी?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अहो, सोडा हलवतात का कधी? मी वर म्हणालो ना. ग्लासात ओतलं की वरून घालायचा." मी म्हटलं, "तू म्हणालास, वर सोडा. सोडलं की मी वर. आणखी किती वर सोडू?" ठेवून दिला फोन.

मग शिडी निघाली. ही शिडीवर, हातात ओलं फडकं, आणि शिडी धरून खाली सीनियर. मी टेबलाखाली जमीन पुसत होतो, कारण माझी जागा आता तीच होती. तिथून सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "छताला रंग आपलाच ना?" ही म्हणाली, "आपलाच." "मग डाग राहायला नको." "राहिला तर, सर?" "तर तक्रार तुमच्याकडे येईल. तुम्ही प्रमुख."

हिने फडकं खाली टाकलं, त्यांनी ते पिळून परत वर दिलं.

मग ते म्हणाले, "मला वाटलं होतं, मला मिळेल."

ही वरून म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं, सर. तुम्हालाच मिळेल असं."

 वर शिडी कुरकुरली. आणि मग त्यांचा आवाज आला, जरा चिडकाच, "अगं, एवढी पुढे वाकू नकोस. पडशील तू."

तू. ऐकलंत ना? हिने वरूनच "हो सर" म्हटलं, आणि उगीचच त्याच जागेवर फडकं फिरवत राहिली, बराच वेळ.

पुढचं काय सांगू. हिने उरलेली टकीला घेतली, औषधाच्या बाटलीच्या टोपणाने सगळं मोजलं, लिंबू इतकं, संत्रं इतकं, पाक इतका, आणि सोडा वरून, चमच्याच्या पाठीवरून हळूच. झकास झालं. हेच मला सहन झालं नाही. उरलेली लिंबंसुद्धा सीनियरांनीच पिळली, आणि मला म्हणतात, "लिंबू आधी टेबलावर दाबून फिरवायचं असतं, मग मऊ होतं." आता सांगतायत.

पण छतावरचा डाग गेला नाही बरं का. उशीएवढा आहे, पिवळट, बरोबर टेबलाच्या वर. मी म्हटलं, रविवारी ब्रश आणतो, मारून टाकतो एक हात. तर ही म्हणाली, "खबरदार हात लावलात तर. नमुना आहे तो." दर शनिवारी सीनियर येतात, दोघं शिडी लावतात, पेन्सिलने कडेला तारीख घालतात, 'तू बघ, मला फिकट वाटतोय', 'नाही हो सर, तेवढाच आहे', असा वाद घालतात. मी चहा करतो. परवा मी जेवायला बसताना सवयीने पंखा लावला, तर आत जाऊन हिने पाटी आणून चिकटवली बटणावर. 'परीक्षण चालू आहे. हात लावू नये.' वाऱ्याने नमुना बिघडतो म्हणे. मी आपला हातपंख्याने वारा घेत जेवतो.