मालूच्या डोळ्याला पाणी नाय

…आणि पाठवणीला माझ्या डोळ्यातून टिपूस नाय! एक टिपूस! पोटची पोर, माझी स्नेहल, गाडीत बसतेय, अख्खं गव्हाण गाव रुमाल काढून उभं, आणि मी, नवरीची आई, कोरडी ठाक! तुमाला सांगते, मीच हादरले. अहो, शेजारच्यांची म्हैस मेली तरी पदर भिजवणारी बाई मी… हे मला आधी कोणी सांगायचं?

झालं काय, वर्षभर मी अंथरूण धरलेलं. ताप नाय, खोकला नाय, नुसतं रडू. उठवेना, जेववेना. मोठी जाऊ मैना म्हणते, "बाहेरचं असेल गो, नारळ उतरवून टाक." नवरा म्हणतो, "सगळं तर हाय, तुला कसलं दुःख?" तेच तर मला ठाऊक नव्हतं! शेवटी स्नेहल हटून बसली. "आई उठत नाय तोवर मी हळद लावून घेणार नाय!" आणि मला नेलं पनवेलला, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे.

बाई म्हणाल्या, "मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन असतं. ते लगेच परत शोषलं जातं. ही गोळी त्याला जरा थांबवून धरते. पण गुण यायला काही आठवडे लागतील हं." मला लगेच पटलं. आमची मिठागरं होती ना! भरतीचं पाणी कोंडून ठेवल्याशिवाय मीठ पिकतं का? आणि एका दिवसात पिकतं का? पण त्रास? तो पहिल्याच दिवशी हजर! मळमळ, तोंडाला कोरड, आणि जांभया… चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला भटजी मंत्र म्हणतायत, आणि मी, आऽऽऽ! सगळे बघतायत! हे मला आधी कोणी सांगायचं?

पण उठले हां! हळदीला नाचले, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या… अन् पाठवणीला हे असं! मैना ठसक्यात म्हणते, "मालू, काळीज हाय का दगड गो?" मी मेलेली आई आठवली, मेलेली म्हैस आठवली… काय नाय! बँडच्या गोंगाटात बाईंना फोन लावला. "काहींना होतं असं, भावना बोथट होतात. डोस बघू आपण. मनाने गोळी बंद करू नका!" अहो, पण पोरीला काय सांगू? तिला वाटेल, आईला मी जड झाले होते!

तेवढ्यात स्नेहलच गाडीतून उतरली, गळ्यात पडली. "आई, वर्षभर तू रडतच होतीस. आज उभी हायेस, म्हणून तर मी चालले."

आता हे ऐकून तरी रडावं की नाय माणसाने? माझं तोंड उघडलं, मैना ओरडली, "आला, आला हुंदका!"… हुंदका कसला? जांभई! आऽऽऽ! आणि फोटोवाल्याने नेमकी तीच टिपली.

आता तो फोटो भिंतीवर लावलाय. येणारा-जाणारा म्हणतो, "बघा, आई कशी धाय मोकलून रडतेय!"

मी म्हणते… हां.