कारल्यावर पास होणारा शास्त्रज्ञ

पद्मा : तुम्हीच विचारा आता यांना, भावजी. आठ दिवस झाले, दोन्ही वेळा कारल्याचा रस. काल तर सब्जीवाला मला विचारतो, बहनजी, घर में कौन बीमार है?

दिनकर : कुणी बीमार नाही. उद्या इन्स्टिट्यूटमध्ये आमची सालाना आरोग्य तपासणी आहे, तिची तयारी चाललीय.

सदाशिव : मग आपल्या अलीगंज मोहल्ल्यात क्लास काढ ना यार. कारलं तू पाज, फी मी गोळा करतो.

दिनकर : तुझं काय जातंय? तू स्टोअरमध्ये बाटल्या देणार नि घेणार. मला बोर्डावर नोटीस दिसली म्हणून सावध झालो. तीत लिहिलं होतं, साखर नाहीतर बीपी जास्त निघालं की लॅब बंद, फायलींच्या टेबलावर बसायचं.

सदाशिव : अच्छा. आणि खाली सही कुणाची होती?

दिनकर : नीट वाचता येत नव्हती. डायरेक्टरसाहेबांचीच असणार.

सदाशिव : माझी होती. डाव्या हातानं केलेली.

पद्मा : भावजी, तुमची पन्नाशी उलटली ना?

सदाशिव : म्हणून तर सायक्लोस्टाइल करून लावली वहिनी, तरुणपणी हातानं लिहायचो. त्याच दुपारी ऑफिसातले जगदीशबाबू हसत हसत काढून घेऊन गेले. मला वाटलं, प्रकरण संपलं. हा शास्त्रज्ञ थेट कारल्यावर जाईल हे कुणाला ठाऊक?

पद्मा : नुसतं कारलं नाही. आमटीत मीठ नाही, चहा फिका, स्कूटरवर कपडा टाकून ठेवलाय. पहाटे पाचला फिरायला जातात.

सदाशिव : दिन्या, तुझ्या लॅबमधल्या बाळकृष्णानं परवा काय केलेलं आठवतं? रक्त काढायच्या आधी चार दिवस उंदरांचं खाणं कमी केलं, आकडे छान यावेत म्हणून.

दिनकर : तीन महिन्यांचं काम फेकून द्यावं लागलं.

सदाशिव : आणि सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असा झाडलास त्याला. उंदीर रोज राहतो तसाच तपासायचा, नाहीतर तपासायचाच कशाला, म्हणालास. मी स्टोअरमधून ऐकत होतो.

दिनकर : त्या उंदरांच्या मागे बायकापोरं नव्हती.

पद्मा : मी विचारणार नव्हते, पण आता विचारते. दूधवाला म्हणत होता, साहब रोज पुलाच्या कठड्यावर बसलेले असतात. फिरायला जाता ना तुम्ही?

दिनकर : जातो. निशातगंजच्या पुलापर्यंत.

पद्मा : मग बसता कशाला?

(दिनकर चष्मा काढून पुसतो.)

दिनकर : चढावर छातीत आवळतं. जरा बसलं की जातं.

पद्मा : कधीपासून?

दिनकर : होळीपासून.

सदाशिव : होळीपासून? अरे, नोटीस तर मी मागच्या महिन्यात लावली.

दिनकर : तेच सांगतोय. घाबरलो होतो आधीच. तुझी नोटीस वाचून उलट बरं वाटलं. निदान कशाला भ्यायचं ते लिहून मिळालं.

पद्मा : आणि उद्या ते आवळणं कारल्याखाली लपवणार होता.

दिनकर : कागदावर आलं नाही तर नसतंच, असं वाटलं. आमच्या अण्णांना असंच व्हायचं. ते गेले तेव्हा माझ्याच वयाचे होते.

सदाशिव : ते कधी डॉक्टरकडे गेले होते?

दिनकर : नाही.

सदाशिव : मग ऐक. ही परीक्षा नाही रे, इथं कुणी नापास होत नाही. आत काय चाललंय ते वेळेवर कळावं म्हणून बोलावतात. पण डॉक्टरच्या नळीला सगळं ऐकू येत नाही, आपल्यालाही तोंड उघडावं लागतं. आपला डॉक्टर कागदावरून मान वर न करता ‘कोई तकलीफ़?’ विचारतो आणि सगळी रांग एका सुरात ‘जी नहीं’ म्हणते. मीसुद्धा म्हणतो.

पद्मा : उद्या मी येते बरोबर.

सदाशिव : जरूर या, वहिनी. पण बोलायचं यालाच आहे. चल दिन्या, मी डॉक्टर. ही खुर्ची घे, सरळ बस. हाँ साहब, कोई तकलीफ़?

दिनकर : जी नहीं.

पद्मा : अहो.

दिनकर : सवयीनं निघालं गं.

सदाशिव : पुन्हा. मी मान वर करणार नाही, तोही करत नाही. कोई तकलीफ़?

दिनकर : जी.

सदाशिव : जी क्या?

दिनकर : जी, है.