बाळाला चांगलं म्हणायचं नाही

…बरं, 'थँक्यू' तरी किती म्हणावं हो माणसानं! पाण्याचा तांब्या दिला, थँक्यू. ताटात हुळी, म्हणजे आमची आंबट आमटी, वाढली, थँक्यू. वाटेतून सरक म्हणून मी तिला कोपरानं जरा ढकललं, तर त्यालाही थँक्यू! तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी अख्ख्या संसारात मला एकदाही थँक्यू म्हटलेलं नाही, आणि चुकून म्हणाले असते तर मी आधी कपाळाला हात लावून ताप बघितला असता! घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का? आभार परक्याचे मानायचे. म्हणजे ही पोरगी आमच्याच घरात राहून आम्हाला दिवसभर परकं करत होती, आणि तिला वाटायचं, आपण किती नम्र! आता हे समजावायचं कुणी? मी!

तर ही मार्गरेट. अमेरिकेची. दोन वर्षांपूर्वी, चौसष्ट साली आमच्याकडं आली. बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागं आमचं वठार… वठार म्हणजे मधे अंगण, अंगणात एकच नळ, आणि भोवतीनं सगळी बिऱ्हाडं; एका घरात फोडणी पडली की सगळ्यांनी शिंकायचं. आमचं घर त्यातलं जुनं, मराठी. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात, त्यामुळं आमचं मराठी पुण्याच्या पाहुण्यांना सोसत नाही आणि आमचं कन्नड इथल्यांना, पण भांडायला दोन्ही पुरतात! तर ह्यांच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "हयवदनराव, मुलगी सेवा करायला आलीय, पगारबिगार काही नाही, राहायला चांगलं घर हवं." हे लगेच, "बरं, बरं, पाठवून द्या!" मला विचारलं? छे! घर यांचं, चूल माझी!

आली. वठारातल्या बायकांनी तिचं लगेच 'मार्गक्का' करून टाकलं. पोरगी गुणी हो, उगाच नावं ठेवणार नाही. मांडी घालून जेवायला शिकली, फक्त जेवण झालं की तिला दोघींनी धरून उभं करावं लागायचं. हातानं भात कालवायला शिकली, सारू मात्र कोपरापर्यंत ओघळायचं. तिकडून कन्नड शिकून आली होती, आमच्यात मराठी कानावर पडायचं, त्यामुळं तिच्या तोंडी सगळ्याचं सांबार! "पद्माक्का, स्वल्प मीठ वाढ ना." ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि काम काय? कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात झोळीचा काटा टांगायचा. आयांनी बाळं आणायची, हिनं एकेकाला झोळीत घालून तोलायचं, आणि जे वाळलेलं असेल त्याला डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचं. चांगलं काम, नाही का? पहिल्या दिवशी मीच सगळ्यांना ओढून नेलं. पहिला नंबर रत्नाबाईच्या नातवाचा. गुंडू! नावाप्रमाणं गोल. झोळी करकरली, काटा सर्रकन खाली, आणि मार्गक्कानं आनंदानं टाळ्या वाजवल्या हो! "अय्यो! किती सुंदर! किती लठ्ठ! सगळ्या या, बघा, बघा, असं बाळ मी कुठं पाहिलं नाही!"

आपण पाणी मागितल्यावर कुणी तोंडावर फेकावं, तसं झालं रत्नाबाईचं तोंड. गुंडूवर पदर टाकला आणि जी पळत सुटली! घरी जाऊन मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, अख्खं वठार खोकलं. आणि त्या गुंड्याला नेमकी संध्याकाळी शिंक यायची होती! एकच, पण झालं. दुसऱ्या आठवड्यात व्हरांड्यात कोण? कुणी नाही. काटा वाऱ्यावर हलतोय आणि खाली ही बसलीय.

मागच्या दारी येऊन रडली पोरगी. "पद्माक्का, मी चांगलंच बोलले ना गं? बायका आल्या नाहीत तर मला दुसरीकडं पाठवतील. पाठवू देत. पण वाळलेली बाळं घरातच राहतील, कुणाला कळणारसुद्धा नाही." कुठली कोण, आणि आमच्या पोरांसाठी रडतेय! पण हे समजावायचं कुणी? मी!

म्हटलं, "बाई, बाळाला चांगलं म्हणायचं नाही."

"का?"

"दृष्ट लागते."

"मग काय म्हणायचं?"

"वाईट म्हणायचं!"

"खोटं बोलायचं?" डोळे एवढे झाले तिचे.

"खोटं कसलं त्यात? ज्याचं त्याला कळतं की! 'शी, काय हे ध्यान' म्हटलंस की आई ओळखते, ही माझ्या बाळाला जपतेय. चांगलं म्हटलंस की ती म्हणणार, हिचा डोळा आहे." तर म्हणे, शिकव. घ्या! बाळाच्या जागी भोपळा तिच्या मांडीवर दिला, म्हटलं, म्हण. ती त्या भोपळ्याकडं बघून इतक्या हळू आवाजात "शी" म्हणाली, की भोपळ्यालाच वाटलं असेल, माफी मागतेय! "अगं, जोरात! नाक मुरड!" हे पेपरातून डोकं काढून म्हणतात, "काय चाललंय?" म्हटलं, तुम्ही वाचा.

मग गेली रत्नाबाईच्या दारात. सगळं वठार नळावर उभं, कान तिकडं. हिनं गुंडूकडं बघितलं, नाक मुरडलं, "शी! काय हे ध्यान! बाजारात नेलं तर कुणी फुकट घेणार नाही!" आणि रत्नाबाई… अहो, फुलली! "या हो मार्गक्का, आत या, कॉफी घ्या!" पुढच्या खेपेला व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. उलट तक्रारी यायला लागल्या! "मार्गक्का, त्या मल्लाप्पाच्या पोराला माकड म्हणालात, आमच्याला काहीच नाही? आमचं काय रस्त्यावरचं आहे?"

म्हटलं, सुटले बाई मी. कुठली सुटते!

आमच्या शेजारी गंगव्वा. बेळगावकडची, नवरा कारखान्यात, मुलखाची लाजाळू. तिची पोरगी शालन. एकदा धीर करून घेऊन आली. झोळीत ठेवली, आणि काटा… हललाच नाही म्हणा ना. हात म्हणजे शेवग्याच्या शेंगा. मार्गक्का सगळे धडे विसरली. तिचा हात धरून म्हणाली, "गंगव्वा, बाळ फार वाळलंय. मला भीती वाटते."

आणि गंगव्वा लाजली! "असू दे बाई, तुमची माया!"

"अगं नाही! खरंच! हाडं दिसतायत!"

मागून रत्नाबाई, "बघितलंस गंगव्वा? किती जीव आहे मार्गक्काचा तुझ्या पोरीवर! आमच्या गुंडूला एवढं नाही कधी बोलल्या!"

आता काय कराल? पोरगी जितकं खरं सांगतेय तितक्या ह्या खूश! मार्गक्कानं वळून माझ्याकडं बघितलं, "पद्माक्का, आता खरं कसं सांगायचं?" आणि ते समजावायचं कुणी? मी… पण कुठल्या शब्दानं? वाईटाला वाईट म्हणायची सोयच आम्ही ठेवलेली नाही हो.

तर तिनं काय केलं? शालनला झोळीतून काढलं, छातीशी धरलं आणि पायरीवर बसली. ना शी, ना थँक्यू. डोळ्यांतून पाणी चाललंय, पुसतही नाही. गंगव्वानं हात पुढं केले, तर बाळ देईना! गंगव्वाच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. मला म्हणते, "अक्का… ही काही बोलत का नाही?"

म्हटलं, "गंगव्वा, पोरीला खायला काय घालतेस?"

"अंगावरचं दूध."

"तेवढंच? अगं, दात आलेत तिला!"

"उष्टावण कुठं झालंय अक्का? माझा भाऊ नागनाथ मिलिटरीत. त्याला सुट्टी मिळंना. मामाच्या मांडीवर पहिला घास झाल्याबिगर अन्न कसं घालू?" आणि खाली मान घालून म्हणते, "दूध पण आता पुरत नाही."

म्हणजे सुट्टी नाही म्हणून मामा नाही, मामा नाही म्हणून घास नाही, आणि पोर वाळतंय! मला वाटलं, आता ही अमेरिकेची बाई भडकणार, आम्हाला अडाणी म्हणणार. पण तिनं नाक पुसलं आणि विचारलं काय? "पद्माक्का, दुसरा मामा कुठं मिळेल?"

घ्या! हे आम्हाला सुचायला नको होतं? आणि नेमके आमचे हे, भाजीची पिशवी घेऊन बाजारातून परत येत होते. म्हटलं, "अहो, इकडं या, मांडी घालून बसा."

"का?"

"मामा व्हायचंय."

"मामा? अगं, गंगव्वा तुला अक्का म्हणते, म्हणजे मी तिचा भावजी. मामा कसा होईन? नात्यात बसत नाही!"

"बसत नाही? गंगव्वा, आजपासून मी तुझी अक्का नाही, वहिनी! झालं? बसतंय आता? बसा!"

"अगं, पण मुहूर्त…"

"बसा म्हटलं ना!"

बसले. व्हरांड्यातच. घरातून मी पायस, म्हणजे खीर, करून आणलं, ह्यांच्या बोटातली अंगठी काढून त्यात बुडवली, आणि शालनच्या ओठाला पहिला घास लागला. तिनं जीभ फिरवली, आणि दुसरा मागितला हो तोंड उघडून! हे सारखे चष्मा पुसत होते. म्हणे, वाफ आली. पायस केव्हाच थंड झालं होतं!

मग रोज सकाळी रागीची सरी, म्हणजे आपलं नाचणीचं सत्त्व, आणि डॉक्टरीणबाईंचं औषध. मामा स्वतः भरवायला जायचे, घरात कधी पाण्याचा तांब्या न उचललेला माणूस! आणि दसऱ्याच्या सुमाराला काटा खाली गेला. चांगला खाली. मार्गक्काचं तोंड लालेलाल, ओठ गच्च आवळलेले, टाळ्या वाजवायला हात शिवशिवतायत, आणि सगळ्या बायका तिच्या तोंडाकडं बघतायत. शेवटी कसंबसं म्हणाली, "शी!" आणि ढसाढसा रडली. गंगव्वापण रडली. या खेपेला दोघींना एकमेकींचं बरोबर कळलं.

तर आता तिची मुदत संपली, गेली परत. जाऊ दे, माणसानं आपल्या घरी जावं. पण जाताना काय सांगितलं, तर तिच्या बहिणीला मुलगा झालाय, पहिला, सगळी तिची वाट बघतायत. आणि तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. कारण मला दिसतंय ना डोळ्यांपुढं! ही उतरणार, पाळण्यावर वाकणार, घरचे सगळे कौतुक ऐकायला गोळा होणार, आणि ही अगदी पोटातल्या मायेनं नाक मुरडून म्हणणार, "शी! काय हे ध्यान! बाजारात नेलं तर कुणी फुकट घेणार नाही!" बहीण रडणार, मेहुणा दार दाखवणार, आणि ही बिचारी मधोमध उभी. आपल्याच घरात परकी. आणि तिथं त्या सगळ्यांना समजावायचं कुणी? मी? अहो, मी जन्मात कधी जवळच्या आनेकलच्या पुढं गेलेली नाही!