मधली भिंत

दातांच्या दवाखान्यात आपल्या क्रमाची प्रतीक्षा करणाऱ्या वृद्ध गुरुजींच्या कानी शेजारच्या बहीणभावाचे बोलणे पडू लागले.

“अगं, या मंदीत नवं घर कोण बांधतंय? तुझं ऑफिस बंद कर नि माझ्या कंपनीत ये.”

“दादा, जुनी घरं आहेत की! परवा एका काकूंना वरचा मजला हवा होता. म्हटलं, मधली भिंत पाडा, जागा पुरेल.”

“म्हणजे हातचं काम घालवलंस!”

“त्यांनी तिन्ही नणंदांना माझ्याकडे पाठवलं.”

“नणंदांना? मग सल्ला खराच असणार.”

“आता एकटीला आवरत नाही. तुझा नकाशे काढणारा रिकामाच बसलाय ना? मला देतोस?”

इतक्यात गुरुजींना आतून हाक आली. त्यांनी दुसऱ्या बाजूला बसलेल्या गृहस्थांना विनयाने पुढे धाडले.

“ने बाई. पण आधी आमच्या घरी ये. तुझ्या वहिनीलाही वरचा मजलाच हवाय.”