शोभाबाईच्या अक्षरातला बॅनर

नाव माणिकराव धोंडिबा सोनकांबळे, वय ७१, धंदा पूर्वी शेतमजुरी, आता घरीच. शिक्षण दुसरी. राहणार निर्णा, जि. बीदर. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही, म्हणून जबाब मराठीत घ्यावा अशी विनंती केली.

समक्ष हजर राहून सांगतो की, माझी पत्नी शोभाबाई गावात अंगणवाडी चालवत होती. ती मागच्या आठवड्यात वारली. लहान मुले अक्षराला भितात म्हणून तिने भिंतीवर गमतीची अक्षरे काढली होती. ब ला सुटलेले पोट, श ला शेपूट, म ला टोपी. मुलीची मुलगी प्रेरणा हिने त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरचा फॉन्ट केला आणि बॅनरवाले प्रशांतकुमार यांना दिला. बारसे, वाढदिवस, बालमेळावा एवढ्यालाच वापरा, दुःखाच्या कामाला नको, असे प्रेरणाने त्यांना बजावले होते. हे मला माहीत होते. नंतर अंगणवाडीला नवा रंग दिला, त्यात भिंतीवरची अक्षरे गेली.

आदरांजलीचा बॅनर सांगायला मी एकटा गेलो. प्रशांतकुमार म्हणाले, "काका, हे बारशाचं अक्षर हाय. मैताला कामून? लोक हसतेत."

मी म्हणालो, "हसू दे. तिच्यापाशी रडत आलेलं लेकरू बी हसतच घरी जायचं."

त्यांनी पुन्हा विचारले. मी व्हय म्हणालो.

बॅनर बसथांब्यापाशी लागला. सकाळी अंगणवाडीची मुले खाली उभी राहून "आज्जीचा ब! पोटवाला ब!" असे ओरडून हसत होती. तेवढ्यात माझा मुलगा बुद्धरत्न आला. तो लहानपणापासून उदगीरला मामाकडे शिकला, पुढे पुण्यात नोकरी. आईची अंगणवाडी त्याने आतून पाहिलेली नाही. त्याने बॅनर फाडला आणि दुकानात जाऊन प्रशांतकुमार यांची कॉलर धरली. "मेलेल्या मायची थट्टा करायलास व्हय रे?" म्हणाला. प्रशांतकुमार यांनी माझ्याकडे पाहिले. मी मागेच उभा होतो. तेव्हा मी खरे सांगितले नाही. मग मुलाने इथे फिर्याद दिली. तेव्हापासून प्रशांतकुमार बाहेर बाकावर आहेत. त्यांनी माझे नाव घेतले नाही असे कळते. त्यांना पाणी दिले का, हे मी विचारले होते. हे लिहावे की नाही ते साहेबांनी बघावे.

दोष त्यांचा नाही. अक्षर मी निवडले. मुलालाही बोलू नये, त्याची आई होती. फाटका बॅनर ठाण्यात जमा आहे. फोटोचा तुकडा नको, फोटो घरी आहे. नावाचा तुकडा मिळावा. रविवारी तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी आहे, अंगणवाडीची मुले येणार आहेत.

हा जबाब हवालदार सिद्धप्पा यांनी मोठ्याने वाचला. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. मी सांगितले तसेच उतरले आहे. सही मला शोभाबाईनेच शिकवली. बँकेत ती चालत नाही म्हणतात. म वर दिसतो तो शाईचा डाग नाही, टोपी आहे. इथे चालवून घ्यावी.

(सही) माणिकराव